व्हाउचर क्रमांक एकशे सतरा

दिनांक ९ जून. रक्कम दोन लाख सेहेचाळीस हजार नऊशे रुपये.

विद्यापीठाच्या पत्रावर हा आकडा छापलेला नव्हता. तिथे फक्त पहिल्या सहामाहीची फी होती, एक्केचाळीस हजार एकशे पन्नास, आणि त्याखाली जाड अक्षरांत 'अंतिम मुदत २५ जून'. त्या फीला सहाने गुणलं ते हिशेबनिसाने, उंबऱ्यातच, पायातल्या चपला न काढता. लेक समोर उभी होती. वाणिज्य शाखेच्या पदवीला प्रवेश मिळाला म्हणून बाप काहीतरी बोलेल, निदान पाठीवर हात ठेवील, अशी तिची अपेक्षा असावी.

"पुस्तकं धरून तीन लाखांच्या घरात जाईल," हिशेबनीस म्हणाला.

"आधी आत तरी या," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "फी काय दारातच भरायची आहे?"

हिशेबनीस सत्तावन्न वर्षांचा होता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो एकतीस वर्षं हिशेब सांभाळत होता आणि दहा महिन्यांनी निवृत्त होणार होता. तोही वाणिज्य शाखेचाच पदवीधर. त्याच्या वह्यांत खाडाखोड नसे. चूक झालीच तर तिच्यावर पट्टी धरून एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख. कारखान्याचा मालक मोठ्या कौतुकाने म्हणायचा, "आमचे हिशेबनीस शिंकले तरी नोंद करतात." पगार वाढवायची वेळ आली की हे कौतुक कुठे जायचं कोण जाणे.

या माणसाला आयुष्यात एकच दुखणं होतं, आणि ते दुखणं त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी लग्न करून घरात आलं होतं.

साडू सोळाव्या वर्षी शाळा सोडून फ्रीज दुरुस्तीला लागलेला. लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे एक सायकल आणि एक हत्यारांची पेटी होती. त्या काळी सासरे पाहुण्यांना ओळख करून देताना हिशेबनिसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हे आमचे पदवीधर जावई. आणि हे धाकटे." पुढे साडूने स्वतःचं दुकान टाकलं, मग हॉटेलांच्या शीतगृहांची कामं घेतली, मग नाव रंगवलेली गाडी घेतली, बंगला बांधला. सासरे म्हणू लागले, "हे आमचे फ्रीजवाले जावई. आणि हे थोरले." सासऱ्यांच्या तोंडचे हे दोन क्रम हिशेबनिसाला तारखांसकट पाठ होते.

दुखणं एवढ्यावरच असतं तर निभलं असतं. पण साडूच्या वह्याही हिशेबनीसच लिहीत होता. एकोणीस वर्षांपूर्वी साडूला कर खात्याची नोटीस आली आणि तो चिठ्ठ्यांनी भरलेली पिशवी घेऊन धापा टाकत दारात आला. हिशेबनिसाने चार रविवारांत त्या पिशवीची वही करून दिली. नोटीस निकालात निघाली. साडू म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून वाचलो." त्या एका वाक्यावर हिशेबनीस पुढचे सगळे रविवार दुकानात जात राहिला. सकाळी नऊ ते बारा, पत्र्याच्या खुर्चीवर, उघड्या फ्रिजांच्या आणि गॅसच्या टाक्यांच्या मधोमध. मोबदला म्हणजे दोन कप चहा. सुरुवातीला त्याला त्यात सुख होतं. शिकलेला माणूस कोण आणि कोणाचं कोणावाचून अडतं, हे दर रविवारी सिद्ध व्हायचं.

मग सातव्या वर्षीच्या ऑक्टोबरात साडूचा महिन्याचा निव्वळ नफा हिशेबनिसाच्या पगारापेक्षा दोनशे दहा रुपयांनी जास्त निघाला. हिशेबनिसाने बेरीज तीनदा केली. बरोबर होती. तेव्हापासून दर महिन्याला दुसऱ्याचा नफा आपल्या सुंदर अक्षरात लिहायचा आणि त्याखाली आपल्याच हाताने दोन रेघा मारायच्या, हे त्याच्या वाट्याला आलं. घरी आला की तो गप्प गप्प असायचा. बायको विचारायची, "पोट दुखतंय का?" आणि मग स्वतःच म्हणायची, "कशाने दुखतंय ते माहीत आहे मला."

तर १२ जूनच्या रविवारी, वही लिहून झाल्यावर, साडूने स्टूल ओढलं.

"साडूबुवा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा तर. रागवायचं का ते मग बघू."

"बबडीला माझ्याकडे द्या."

बबडी म्हणजे हिशेबनिसाची लेक. परीक्षा संपल्यापासून ती दुकानात फोन घ्यायला बसत होती. कोणाचा फ्रीज कुठे बंद पडला, कोणाला किती वाजता माणूस पाठवायचा, सगळं तिच्या ध्यानात असायचं.

"आम्हाला मूलबाळ नाही," साडू म्हणाला. "हे दुकान मी शेवटी कोणाच्या पदरात टाकू? पहिल्या दिवसापासून महिना अठरा हजार देतो. तीन वर्षांत धंदा समजला की निम्मी भागीदारी. कागदावर लिहून देतो. तुम्ही अडीच लाख घालणार, तीन वर्षं घालवणार, आणि मग पोरगी कुठेतरी पंधरा हजारांवर लागणार. मी अडाणी माणूस. तुम्हीच करा हिशेब. तुम्ही पदवीधर."

'पदवीधर' हा शब्द साडूने अगदी सरळ मनाने उच्चारला होता. म्हणूनच तो हिशेबनिसाच्या जास्त आत गेला.

घरी येऊन त्याने लेकीला समोर बसवलं. "तुझ्या मनात काय आहे?"

"मला कळत नाहीये, बाबा. काका म्हणतात ते चुकीचं नाही. काका म्हणतात, शिकताना कमावलेलं बरं. तुम्ही सांगा, आपल्याला परवडेल तसं."

एका दमात दोनदा 'काका म्हणतात'. हिशेबनिसाने मोजलं. गाडी गेली, बंगला गेला, सासऱ्यांची शाबासकी गेली. आता हा माणूस लेकही नेणार आणि वर आपल्यावर उपकार करून नेणार.

"मी तक्ता करतो," तो म्हणाला. "पदवी घेतलेल्याने किती कमावलं, न घेतलेल्याने किती. दोन्ही माणसं घरचीच आहेत, आकडे माझ्या हाताखाली आहेत. तक्ता सांगेल तसं करायचं."

"पोरीचं आयुष्य तक्त्यावर टाकणार?" बायको म्हणाली.

"तक्त्यात खोटं नसतं."

"नसेल. पण तुम्हाला तो तिच्यासाठी करायचाच नाहीये."

हिशेबनिसाने हे ऐकलं नाही असं दाखवलं. आपण जिंकणार याची त्याला खात्री होती. महिन्याचे आकडे दिसताना मोठे दिसतात, पण साडूची सुरुवातीची कितीतरी वर्षं फाकेमस्तीची होती, हे तो जाणून होता. आठवडाभर कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तो आकडे मांडत राहिला. आपल्या बाजूला त्याने छत्तीस वर्षांचा पगार धरला, निवृत्तीपर्यंतचे राहिलेले दहा महिनेही धरले. त्यातून पदवीची फी वजा केली, परगावच्या खोलीचं भाडं वजा केलं, तीन वर्षांच्या वह्यापुस्तकांचेही पैसे वजा केले. साडूच्या बाजूला शेवटची एकोणीस वर्षं वह्यांतूनच मिळणार होती. आधीच्या वीस वर्षांसाठी त्याने साडूच्या बढाया आठवून निम्म्या केल्या. सावधगिरी म्हणून.

१९ जूनच्या रविवारी दुकानात जुन्या वह्या काढून त्याने शेवटची बेरीज केली. साध्या कागदावर दोन रकाने होते, एकावर 'मी', दुसऱ्यावर 'तो'. 'मी' खाली आले त्र्याहत्तर लाख अठरा हजार चारशे. 'तो' खाली एक कोटी बासष्ट हजार. फरक सत्तावीस लाख त्रेचाळीस हजार सहाशे.

बढाया निम्म्या करूनसुद्धा.

एका कामगाराने गॅसच्या टाकीची तोटी उघडली, सूंऽऽ असा आवाज झाला, तरी हिशेबनिसाने मान वर केली नाही. मग त्याने 'मी' खाली आणखी एक ओळ लिहिली : 'पत, प्रतिष्ठा'. पुढे रक्कम लिहायला पेन टेकवलं. किती धरायची? अठ्ठावीस लाख धरली तर काम भागत होतं. पेन तिथेच थांबलं. शेवटी त्याने त्या ओळीवर पट्टी धरून एक रेघ मारली, सही केली, तारीख घातली.

तेवढ्यात बाहेर साडूच्या गाडीचं दार वाजलं.

हिशेबनिसाचा हात आपोआप चालला. दुकानातला प्रत्येक सुटा कागद म्हणजे त्या दिवसाचं व्हाउचर, आणि व्हाउचरची जागा वहीत. त्याने कागदाची घडी घातली, वरच्या कोपऱ्यात पुढचा क्रमांक टाकला, एकशे सतरा, त्या दिवसाच्या पानाला टाचणी लावली आणि वही मिटली. साडू आत येऊन "चहा झाला का?" म्हणाला, तेव्हा हिशेबनिसाचा चेहरा कोरा होता.

आपण काय करून बसलो हे त्याला सोमवारी कारखान्यात कळलं. खिसे चाचपले, डब्याची पिशवी उलटी केली, आणि मग ती टाचणी आठवली. संध्याकाळी तो तडक दुकानावर गेला. सोमवारी दुकान बंद असतं हे एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा विसरला होता. शटरच्या फटीतून त्याला ती वही दिसली, टेबलावर, हातभर अंतरावर. मंगळवारी सकाळी जावं तर कारखान्यात तपासनीस येणार होते. दिवसभर त्याने तपासनिसांच्या प्रश्नांना भलतीच उत्तरं दिली. संध्याकाळी घराच्या कोपऱ्यावर वळला तर दारासमोर नाव रंगवलेली गाडी उभी.

आत साडू खुर्चीत बसला होता. हातात कागद. लेक त्याच्या शेजारी, मांडीवर वही. बायको दाराला टेकून उभी, तोंडावर पदर दाबून. रडते आहे की हसते आहे ते कळत नव्हतं.

"या, या," साडू म्हणाला. "व्हाउचरं जुळवताना बबडीला सापडलं. एकशे सतराची नोंदच नाही म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या हातून नोंद राहील? बघू तरी."

हिशेबनिसाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "तो कागद खाजगी आहे. द्या इकडे."

"खाजगी कसला? माझ्या वहीत टाचलाय, वर नंबर टाकलाय." साडूने चष्मा नाकावर घेतला. "सत्तावीस लाख. साडूबुवा, खरं सांगा, एवढंच?"

"म्हणजे?"

"अहो, मला वाटत होतं मी निदान पन्नास लाखांनी पुढे असेन! रात्रंदिवस मरमर मेलो, छपरांवर चढलो, आणि तुम्ही पंख्याखाली बसून सत्तावीस लाखांवर आलात? यात काहीतरी गफलत आहे."

"गफलत नाही. तीनदा बेरीज केली आहे."

"मग माझे गुडघे कुठे धरलेत? यंत्रांचा घसारा दरवर्षी धरता ना, जुनं झालं म्हणून इतके वजा, तितके वजा? माझ्या गुडघ्यांचा नाही धरलात. डॉक्टर म्हणतो दोन्ही बदला."

"गुडघ्यांचा घसारा धरत नाहीत," हिशेबनीस म्हणाला. इतक्या अपमानातही त्याला चुकीचं विधान सहन होईना.

"काका, थांबा," लेक म्हणाली. "गफलत आहे, पण वेगळी. बाबा, काकांच्या खर्चात हिशेब लिहिण्याची मजुरी कुठे आहे?"

"कोणाची मजुरी?"

"तुमची. शेजारच्या टायरवाल्याला विचारून आले मी. तो वही लिहिणाऱ्याला महिना अडीच हजार देतो. एकोणीस वर्षांचे दोनशे अठ्ठावीस महिने. पाच लाख सत्तर हजार. ते काकांच्या नफ्यातून जायला हवेत आणि तुमच्याकडे यायला हवेत."

साडू खुर्चीत सावरून बसला. बायकोचा पदर तोंडावरून खाली आला.

हिशेबनीस मात्र उसळून म्हणाला, "एकोणीस वर्षांपूर्वी अडीच हजार दर होता का? तेव्हा तीनशे होता! सरासरी अकराशेच्या वर जात नाही. म्हणजे दोन लाख पन्नास हजार आठशे."

"देवा रे," बायको म्हणाली. "पोरगी ताटात वाढतेय आणि हे उचलून परत ठेवतायत."

लेकीने तिथल्या तिथे पेन काढलं. "चालेल, अकराशे. काकांचे तेवढे कमी, तुमचे तेवढे जास्त. पाच लाख एक हजार सहाशेंनी फरक घटला. राहिले बावीस लाख बेचाळीस हजार."

"तरी मी पुढे!" साडूने मांडीवर थाप मारली.

"तरी तुम्हीच पुढे, काका."

हिशेबनीस खाली बसला. संपलं, त्याला वाटलं. तक्ता सांगेल तसं करायचं हे आपणच बोललो होतो, आणि तक्ता दोनदा तपासून झाला. उद्यापासून लेक त्या पत्र्याच्या खुर्चीवर.

"ठरलं तर," तो म्हणाला. "अठरा हजार बरे आहेत. निम्मी भागीदारी लिहून घेऊ."

"नाही," लेक म्हणाली. "मी पंचवीस तारखेच्या आत फी भरणार."

"अगं, पण तक्ता..."

"तक्ता तुमचा आणि काकांचा आहे. माझा रकाना त्यात कुठे आहे?" ती साडूकडे वळली. "काका, राग मानू नका. मला तुमचे फ्रीज आवडत नाहीत. गॅसच्या वासाने माझं डोकं दुखतं. हा महिनाभर मी दुकानात काय करत होते, सांगा बरं?"

साडूने सुस्कारा सोडला. "फोन नसला की जुन्या वह्या वाचत बसायची. मला वाटलं, हिला काय वेड लागलंय. गोष्टीचं पुस्तक असल्यासारखी वाचायची."

"सगळ्या एकोणीस वाचल्या," लेक म्हणाली. "बाबा, तिसऱ्या वर्षी काकांचे पैसे थकवून एक हॉटेलवाला बुडाला, ते तुम्ही तीन महिने आधीच समासात लिहिलं होतं. 'वसुली करावी' असं. काकांनी बघितलंच नाही. मला ते करायचंय. आणि नीट शिकून करायचंय."

हिशेबनिसाने चष्मा काढून पुसला, तो स्वच्छ असताना. त्या समासातल्या ओळी कोणी वाचल्या असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी मनात आलं की साडूचा चेहरा उतरला असेल, तो नीट बघून घ्यावा. त्याने चष्मा चढवून पाहिलं. साडू उतरल्या चेहऱ्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवत होता.

"वही मग कोण लिहिणार माझी?" तो म्हणाला. "तुझे बाबा आता येतील असं दिसत नाही."

"मी लिहीन, रविवारी. महिना पंधराशे. मी शिकाऊ आहे म्हणून."

"अगं, तुझा बाप फुकट लिहायचा!"

"म्हणून तर पंधराशे. आणि त्यांचं जुनं सोडून देते, पण या शेवटच्या वर्षाचं बिल होतंच. टायरवाल्याच्या दराने तीस हजार, आणि वह्या, टाचण्या, पेनं ते पदरमोड करून आणायचे त्याचे तेराशे ऐंशी."

"बबडे, नको," हिशेबनीस म्हणाला. साडूकडून पैसे घ्यायचे? आजवर त्याच्याकडे मान ताठ करून बसता आलं ते काहीच घेतलं नाही म्हणून.

"गप्प बसा हो," बायको म्हणाली. "एकोणीस वर्षं माझे रविवार गेले, ते मी कुठल्या रकान्यात लिहू?"

साडूने खिशातून चेकबुक काढलं. हिशेबनीस पाहत राहिला. स्वतः चेक लिहिताना तो आधी पासबुक उघडून शिल्लक बघे, मग पुन्हा एकदा बघे. साडूने गुडघ्यावरच चेक लिहिला, मान वाकडी करून, हिशेबनिसाच्या बायकोशी पावसापाण्याचं बोलत, आणि फाडून पुढे केला. असा चेक आपल्याला जन्मात लिहिता येणार नाही, हे हिशेबनिसाला कळलं आणि तो कळवळला. चेक एकतीस हजारांचा होता.

"वरचे तीनशे ऐंशी?" लेकीने विचारलं.

"सुटे नाहीत गं."

"चेकला सुटे लागतात का, काका?"

"सवय आहे. रकमेची शेपटी मी नंतर देतो. सगळ्या बाजारात विचार."

हिशेबनिसाने आपले दहा हजार एकशे पन्नास घातले आणि २४ जूनला, मुदतीच्या एक दिवस आधी, रांगेत उभं राहून फी भरली. पावती त्याने दोनदा वाचली.

पुढचा रविवार त्याला फार लांब गेला. नऊ वाजले, तो कपडे करून बसला, मग आठवलं. लेक साडेबाराला परत आली, हात धुतले, पानावर बसली.

"काय म्हणतंय दुकान?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बरं आहे."

"शीतगृहाचं काम मिळालं का? महिन्याला किती सुटेल अंदाजे?"

"बाबा, गिऱ्हाइकाचे आकडे बाहेर सांगायचे नसतात. तुम्हीच शिकवलंय."

बायको खळखळून हसली. हिशेबनीस खाली मान घालून जेवला. बारा वर्षं साडूचा नफा बघून त्याचा जळफळाट झाला होता, आणि आता नफा दिसेनासा झाल्यावर तो दुप्पट झाला. शीतगृहाचं काम मिळालं असणार, आणि मोठं असणार. महिनाअखेरीला लेकीने पंधराशे रुपये आणून आईच्या हातात ठेवले, तेव्हा त्याने त्या नोटांकडे पाहिलं. तीच खुर्ची, तीच वही, तोच माणूस. हिला पहिल्याच महिन्यात मिळाले. स्वतःच्या लेकीचा हेवा वाटणं बरं नाही, हे त्याला कळत होतं. वाटायचा तो वाटलाच.

आज ३० सप्टेंबर. साडूकडून तीनशे ऐंशी रुपये येणे आहेत.